उद्या सकाळपर्यंत रक्त हवे

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा मी मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होते. तीन कॉम्प्युटर आणि पंधरा-वीस मुलं. वीज गेली की मी त्यांना वहीत कीबोर्ड काढायला लावायची. आमचं घर तिथून चालत अर्ध्या तासावर, आत. भात, काजू, दारापुढे चार आंबे. बहिणीला देवगडला दिली होती, हापूसच्या बागा असलेल्या घरात. मी थोरली असून लग्नाची राहिले होते, आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. बोलायची ती एकटीच. "मेले, तू इंटरनेटशीच लगीन लाव," म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची.

दोन हजार तीनचा मार्च होता. काजूचा हंगाम. तिला आठवा संपत आला होता. एका सकाळी ती न्हाणीतून आली ती भिंतीला धरून. परकर रक्ताने भिजला होता. आईने एकदाच माझ्याकडे बघितलं. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही तिला आधी मालवणला नेली, तिथून त्यांनी सावंतवाडीला पाठवली. दुपारी सिझेरियन झालं. मुलगी झाली, मूठभर, तिला काचेच्या पेटीत ठेवली. बहीण शुद्धीवर आली, पण तिचं रक्त फार गेलं होतं आणि अजून थांबत नव्हतं.

तिच्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेलं होतं. ओ पॉझिटिव्ह म्हणजे काय, पायलीला पन्नास. माझे मेहुणे देवगडहून चार मित्रांना घेऊन आले, सगळे ओ. पण रक्तपेढीतला माणूस पुन्हा पुन्हा तपासत होता आणि मान हलवत होता. एकही बाटली जुळेना. दुसऱ्या दिवशी तिच्या रक्ताचा नमुना घेऊन मेहुणे मोटरसायकलने गोव्याला गेले. संध्याकाळी तिथून फोन आला.

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावून सांगितलं. बॉम्बे म्हणून एक गट असतो, तिचा तो आहे. साध्या तपासणीत ओ दिसतो, पण ओ नसतो. या माणसाचं रक्त दुसऱ्याला चालेल, त्याला मात्र त्याच गटाचं लागतं. हजारोंत एखादा असा माणूस.

आई म्हणाली, "मग माजा काढा. मी आवस मा तिची."

आमचं तिघांचंही तपासलं. आईचं नाही, बाबांचं नाही. माझं जुळेल अशी माझी खात्रीच होती, का कोण जाणे. ते नाही म्हटल्यावर मी त्या माणसाला म्हटलं, परत बघा. त्याने बिचाऱ्याने परत बघितलं.

"गोवा, बेळगाव, कोल्हापूर, मुंबई, सगळीकडे आम्ही फोन केलेत," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही शोधा. कोणी ओळखीचं, नात्यातलं, कुठलंही. उद्या-परवापर्यंत ती तग धरेल."

मी इंटरनेटवाली. साहजिकच सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सावंतवाडीच्या तळ्याजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसले. बाबांना आम्ही घरी पाठवलं होतं, कारण फोन घरी होता. मोबाइल आमच्याकडे नव्हता, हॉस्पिटलचा फोन सतत गुंतलेला असायचा. घरचा नंबर द्यायचा, कोणाचा फोन आला की बाबांनी लिहून घ्यायचं आणि हॉस्पिटलला कळवायचं, असं ठरलं.

पत्ते कुठून आणायचे हे मी रात्रभर डोक्यात जुळवलं होतं. त्या काळी लोक विनोद, सुविचार, देवांची चित्रं पुढे पाठवायचे, आणि अशा प्रत्येक मेलच्या वर आधीच्या सगळ्यांचे पत्ते तसेच लटकलेले असायचे. माझ्याकडे अशा मेल पडून होत्या. मी एकेक उघडून पत्ते वहीत उतरवत गेले. चार-पाच पानं भरली. कॉपी करता आले असते, काही केलेही. पण तिथली वीज केव्हा जाईल सांगता येत नव्हतं आणि माझा वहीवर जास्त विश्वास.

मजकूर इंग्रजीत लिहिला, मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायची. माझी बहीण, वय चोवीस, बाळंतीण, बॉम्बे गट, सावंतवाडी, उद्या सकाळपर्यंत रक्त हवे, खाली घरचा फोन. तारीख घातली नाही. घालायची असते हे सुचलंच नाही. उद्या म्हणजे उद्या.

आणि मग मी पाठवायला सुरुवात केली, वहीच्या पहिल्या पानापासून. पहिल्या पानावर माझीच माणसं होती. क्लासची जुनी मुलं, कॉलेजातल्या मैत्रिणी, मस्कतचा मामेभाऊ, दुबईची एक वर्गमैत्रीण. मस्कतचा भाऊ सावंतवाडीला रक्त कसं देणार होता? पण मला तेव्हा कोणीतरी ओळखीचं हवं होतं. कोणीतरी 'अरे देवा' म्हणायला हवं होतं. एकेका खेपेला दहा-बारा पत्ते टाकत मी दुसरं पान संपवलं, तिसरं अर्धं केलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. तुम्ही आजची पाठवण्याची मर्यादा ओलांडली आहे. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

मला अर्थ कळायला वेळ लागला. मला वाटलं लाइन गेली. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच.

कॅफेचा मालक काउंटरवरून उठून आला. "फुकटच्या अकाउंटला असतं तसं, मॅडम. जाहिरातवाले हजारो मेल मारतात ना, म्हणून त्यांनी कुंपण घातलंय."

"पण मी जाहिरात नाही करत."

"तुम्ही नाही करत हो. त्याला काय कळतंय?"

त्याने मला दुसरं अकाउंट उघडून दिलं. नव्या अकाउंटला मर्यादा आणखी कमी होती. दहा-पंधरा मेल गेल्या आणि तेही बंद पडलं. दुपारचे बारा वाजत आले होते.

मी तेव्हा उठून उभी राहिले. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या खोलीत सहा-सात जण बसले होते, लाकडी पार्टिशनच्या आड. मी ऑफिसातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायला लागले, "माफ करा, एक मिनिट," आणि पुढे शब्दच येईनात. मालकाने सांगितलं. एक कॉलेजची मुलगी होती, तिने लगेच खुर्ची सरकवली. आखातातून सुट्टीवर आलेला एक माणूस होता. एक पोस्टातले कर्मचारी होते, ते मुलाला मेल करायला आले होते आणि त्यांना तेवढंच येत होतं. प्रत्येकाने आपापल्या अकाउंटवरून पाठवलं. पण वहीतले पत्ते वाचून टाइप करण्यात वेळ जात होता, शेवटचं पान राहिलंच. मग त्या मुलीने सुचवलं, "ताई, खाली लिहूया ना, की मिळेल त्याने पुढे दहा जणांना पाठवा. म्हणजे मर्यादेचा प्रश्नच नाही."

मी ते वाक्य लिहिलं. ते मीच लिहिलं, ठळक अक्षरांत.

संध्याकाळी फोन सुरू झाले. बाबा हॉस्पिटलच्या फोनवर मला कळवत होते ते ऐकून रडू येत होतं. "पुण्याचो एकजण आसा, पण ओ म्हणता. आपणाक ओ नको मा?" ... "एक बाई म्हणता देवाक नवस कर." कोणाला काय सांगायचं हे त्यांना उमगत नव्हतं. आयुष्यभर मालवणी बोललेला माणूस, मुंबई-पुण्याच्या लोकांशी 'होय साहेब, नाही साहेब' करत बसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वाआठला माझी बहीण गेली. आई तिच्याजवळ होती. मी खाली चहा आणायला गेले होते.

दुपारी एकच्या सुमारास हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर एक माणूस विचारत आला. चाळिशीचा, शर्ट घामाने भिजलेला, हातात रेक्झिनची पिशवी. तो बेळगावहून आंबोली घाटातून एसटीने आला होता. कुठल्याशा कारखान्यात स्टोअरमध्ये होता. त्याचा गट बॉम्बे.

"सकाळी साडेआठला आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी मेल बघितली," तो कानडी हेल काढून सांगत होता. "माझा गट त्यांना माहिती होता. लगेच म्हणाले, जा. मी घरी पण गेलो नाही बघा, तसाच आलो."

माझ्या मेहुण्यांनी त्याला सांगितलं. तो पायरीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता दिलं तर नाही ना उपयोग?" आणि आपण काय विचारलं हे कळून त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाबा तोवर घरून आले होते. त्यांनी त्याला समोरच्या हॉटेलात नेऊन जेवायला घातलं, स्वतः पाण्याचा घोटही न घेता त्याच्यासमोर बसून राहिले.

जाताना त्याने खिशातून मेलचा छापील कागद काढून मला दिला. वर पत्त्यांची रांग होती; कोणी कोणाला पाठवली, सगळं. सर्वांत वर त्याच्या साहेबांचा पत्ता होता. तो पत्ता मला ओळखीचा वाटला. बारावा झाल्यावर मी वही काढली. शेवटच्या पानावर, खालून तिसरी ओळ. तोच. माझ्या हाताने लिहिलेला. मी तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या पानापासून सुरुवात केली असती, तर तो माणूस त्याच संध्याकाळी सावंतवाडीत असता.

असता की नसता? त्या दिवशी साहेब रजेवर असते, एसटी बंद पडली असती. एका बाटलीने ती वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. हे सगळं मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. तरी त्या वहीतलं पहिलं पान मला दिसत राहतं, मस्कतच्या भावाचं नाव असलेलं.

बाळ आमच्याकडेच राहिलं. मेहुण्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, त्यांच्या घरच्यांनी करायला लावलं. ते वाईट नाहीत. येतात, खाऊ आणतात, अंगणात बसून जातात.

आणि फोन येत राहिले. बाराव्याच्या दिवशी आला, महिन्याने आला, त्या पावसाळ्यात रोज एखादा तरी यायचा. मग दोन महिने शांत, आणि पुन्हा एकदम सुरू. कोणीतरी जुनी मेल कुठूनतरी उकरून दहा जणांना पाठवलेली असायची. सगळे तेच विचारायचे. "उद्या सकाळपर्यंत हवंय ना?" सुरुवातीला आई रिसीव्हर आपटायची. एकदा तिने एका पोराला इतक्या शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली. मी नंबर बदलून घेऊया म्हटलं, तर बाबा नको म्हणाले. त्यांचं कारण त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, देवगडच्या माणसांना, मेहुण्यांना, तोच नंबर पाठ होता.

दोन वर्षांनी ती मेल माझ्याच इनबॉक्समध्ये आली. क्लासमधल्या एका जुन्या मुलीने पाठवली होती, तिला बिचारीला माहीत नव्हतं. मजकूर कोणीतरी बदलला होता. वय अठ्ठावीस झालं होतं. 'दोन लहान मुलांची आई' असं घातलं होतं. खाली फोन मात्र आमचाच. मी वाचून संपवली आणि वरच्या सगळ्या पत्त्यांना एकत्र उत्तर लिहिलं: ही मेल जुनी आहे, ती बाई वारली, कृपा करून पुढे पाठवू नका. पाठवायचं बटण दाबलं.

आजची मर्यादा संपली.

मी क्लासमध्ये मुलांसमोर बसले होते. मला हसू आलं की रडू, आता सांगता येणार नाही. एक मुलगी मात्र पाणी घेऊन आली. त्यानंतर दोन-तीन महिने मी रोज सकाळी क्लास उघडण्याआधी जितक्या जातील तितक्या मेल पाठवायची. जितक्या जातील तितक्या, रोज. काहींनी सहानुभूतीची उत्तरं दिली. एकाने लिहिलं, तुम्ही आम्हाला रोज त्रास का देता. वारल्याची मेल मात्र कोणी पुढे पाठवली नाही. अशी मेल कोण पुढे पाठवतो?

पोर पाच वर्षांची झाली. ती माझ्या आईलाच आई म्हणायची आणि मला मावशी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत जाईल तेव्हा सांगू, असं आम्ही दरवर्षी ठरवायचो. एका दुपारी मी आत पेज निवत ठेवली होती. फोन वाजला आणि तिने उचलला. तिला फोन उचलायला फार आवडायचं.

"कोण बोलतासा?" ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "रगत? नको आमका. माझी आये बरी आसा. मागच्या दारी मासे कापता." पुन्हा ऐकलं. "हां. सांगतंय." आणि तिने रिसीव्हर नीट ठेवला.

ती माझ्याकडे आली. "मावशे, तो काका म्हणालो, देवाची कृपा. म्हणालो, आई वाचली तुझी." मग विचारलं, "आये मरणार होती?"

मला तिला 'चुकीचा नंबर' म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण आई मागच्या दारातून हात धुवून आत येत होती आणि तिने ऐकलं होतं. ती उंबऱ्यावरच बसली.

"हय ये गो," आई म्हणाली.

आईनेच सांगितलं. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून, ही तुझी आवस, माझं चेडू, तू झालंस आणि ती गेली. इतकं साधं. मी पाच वर्षं ज्याच्या तयारीत होते ते आईने चार वाक्यांत संपवलं.

पोरीने फोटोकडे बघितलं. "मगे तू कोण?"

"मी तुझी आजी."

"आये म्हणूचा नाय?"

"म्हण. काय्यव म्हण. हाकेक ओ मीच देतलंय."

त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवसापासून तिने आईला कशानेच हाक मारणं सोडलं. पदर ओढायची, समोर जाऊन उभी राहायची. तीन आठवडे असं चाललं. आई वरून काही दाखवायची नाही, पण मासे कापताना तिचा हात थांबायचा. मग एकदा पोर चिकूवरून पडली आणि पडता पडता "आये गो" म्हणून ओरडली, आणि पुढे तेच राहिलं. पण फोन तिने पुन्हा कधी उचलला नाही. वाजला की उठून पडवीत जायची.

त्याच सुमाराला मी बाबांना वहीचं सांगितलं. आम्ही खळ्यात काजूबिया निवडत बसलो होतो. मी सगळं सांगितलं. पहिलं पान, शेवटचं पान, खालून तिसरी ओळ. बाबा निवडत राहिले. एक सूप संपलं, दुसरं घेतलं. मला वाटलं त्यांना समजलं नाही.

"वही खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या ट्रंकेत."

"ठेव. पण आवशीक सांगा नको."

बस एवढंच. तुझी चूक नाही असं ते म्हणाले नाहीत. चूक आहे असंही नाही.

पुढे फोन विरळ होत गेले. लोकांच्या हातात मोबाइल आले, मेल मागे पडली. दोन हजार दहाच्या श्रावणात मात्र एक आला, तो मला नीट आठवतो. आई फोनजवळ वाती वळत बसली होती, तिने उचलला. मी बाजूला होते म्हणून पलीकडचा आवाजही ऐकू येत होता. बाई वयस्क होती, बोली विदर्भाकडची. तिने रक्ताचं विचारलं. आई तिच्या मोडक्यातोडक्या शुद्ध मराठीत म्हणाली, "नको ओ बाई. मुलगी गेली माझी. सात वर्षं झाली."

बाकीचे लोक इथे 'सॉरी' म्हणून फोन ठेवायचे. ही बाई थांबली. मग म्हणाली, "कशी होती हो तुमची पोरगी?"

आईने हातातली वात खाली ठेवली. मला वाटलं, आता ठेवेल. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी तिला त्या मुलीबद्दल फोन केले होते, आणि हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

"तशी वांड होती," आई म्हणाली. आणि मग बोलतच राहिली. लहानपणी ती काजूच्या झाडावर चढून बसायची आणि खाली उतरायला येत नाही म्हणून रडायची. तिला बांगडा आवडायचा, पण काटे आईनेच काढून द्यायला हवेत, लग्न झाल्यावरसुद्धा. देवगडला जाताना एसटीत बसल्यावर तिने आईला खिडकीतून सांगितलं होतं की मला तिथे करमत नाही, पण ताईला सांगू नको, ती काळजी करेल.

हे मला माहीत नव्हतं.

आई शुद्ध बोलता बोलता कधी मालवणीवर आली ते तिलाही कळलं नाही. पलीकडची बाई हं हं करत होती, तिला कितपत कळत होतं देव जाणे. मी उठून आत गेले. पाव तासाने बाहेर आले तरी आई बोलतच होती, वातींचा कापूस मांडीवर तसाच होता.